अनंतावरची हिरवी अळी आणि माशीचं सोंग घेणारा काचपंखी पतंग: नाशिककरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

अनंताच्या कुंडीतली पानं कुरतडलेली दिसली की आपल्याकडे दोनपैकी एक गोष्ट होते. अळी शोधून चिरडली जाते, नाहीतर औषध मारलं जातं. त्याच घरातली माणसं संध्याकाळी कंपाउंडलगतच्या घाणेरीपाशी थांबून, "ही कसली मोठी माशी? फुलावर बसत कशी नाही?" म्हणत कौतुकाने बघत असतात. ती मोठी माशी म्हणजे पतंग. आणि सकाळी चिरडलेली अळी हे त्याचंच बालपण.

इंग्रजीत याला कॉफी बी हॉकमॉथ म्हणतात, शास्त्रीय नाव सेफोनोडिस हायलास. कार्ल लिनियसने 1771 मध्ये त्याचं वर्णन केलं. भारतापासून आग्नेय आशिया आणि जपानपर्यंत तो आढळतो. या लेखात मी त्याला काचपंखी म्हणतो. नाशिकमध्ये त्याला ओळखायचं कसं, अनंत कसा लावायचा, आणि अंड्यापासून पतंगापर्यंत त्याला सांभाळायचं कसं, ते पुढे क्रमाने दिलं आहे. माझं मागणं एकच आहे: अनंताची एक फांदी याच्यासाठी राखून ठेवा.

1. आधी ओळख पक्की करा

काचपंखीचं अंग जाड आणि हिरवट-पिवळसर असतं. पोटावर मधोमध विटकरी किंवा गडद तांबडा पट्टा असतो. शेपटीला केसांचा काळा झुबका असतो आणि उडताना तो पंख्यासारखा पसरतो. पंख आरपार दिसतात, कडा आणि शिरा तेवढ्या काळसर. पंखांचा पसारा साधारण 4.5 ते 7 सेंटिमीटर, म्हणजे आपल्या सातेरी मधमाशीपेक्षा कितीतरी मोठा.

लांबून फसायला होतं ते आवाजामुळे आणि पारदर्शक पंखांमुळे. जवळून पाहिलं की चार गोष्टींवरून लगेच कळतं.

पहिली, तो फुलावर अंग टेकून बसत नाही. हवेत एका जागी थरथरत राहतो आणि लांबूनच रस पितो. मधमाशी फुलावर उतरते, त्यावर फिरते, पाय पिवळे करून घेते. दुसरी गोष्ट सोंड. तोंडाखाली गुंडाळून ठेवलेली लांब सोंड तो फुलाच्या नळीत सरळ घालतो आणि दोन फुलांच्या मधल्या क्षणात ती उन्हात तारेसारखी चमकून जाते. तिसरी, मिशा. मधमाशीच्या मिशा बारीक आणि कोपरात वाकल्यासारख्या असतात, याच्या टोकाकडे जाड होत जातात आणि अगदी शेवटी बारीक आकडी असते. चौथी, कंबर. गांधीलमाशीची कंबर चिमटलेली असते, याला कंबरच नाही.

याच फुलांवर आणखी काही पाहुणे येतात, त्यांच्याशी गल्लत होते. काळाकुळकुळीत, निळसर झाक मारणारा, लाकूड पोखरणारा भुंगा ही खरी माशीच आहे. निळ्या पट्ट्यांची मध्यम आकाराची माशी हवेत थोडा वेळ तरंगते खरी, पण शेवटी फुलाला पकडतेच. तपकिरी अंगाचा, मागच्या पंखांवर नारिंगी-पिवळा रंग असलेला आणि अपारदर्शक पंखांचा दिसला तर तो काचपंखीचा चुलतभाऊ, मॅक्रोग्लॉसम गटातला हॉकमॉथ. त्याचा व्हिडिओ दर पावसाळ्यात कुणीतरी "आमच्या बागेत हमिंगबर्ड आला" म्हणून ग्रुपवर टाकतं. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत. आपल्याकडे फुलांतला रस पिणारा चिमुकला पक्षी तो शिंजीर. काळ्या पंखांवर काचेच्या खिडक्या आणि पोटावर पिवळे पट्टे असलेला, सुस्त उडून गवतावर बसणारा दिसला तर तो अमाटा गटातला पतंग. तो गांधीलमाशीचं सोंग घेतो.

हे सोंग कशासाठी, ते थोडक्यात सांगतो. काचपंखीला नांगी नाही, विष नाही, चावता येत नाही. दिवसाढवळ्या उडायचं म्हणजे बुलबुलासारख्या पक्ष्यांच्या नजरेत यायचं. एकदा डंख खाल्लेला पक्षी तशा दिसणाऱ्या आणि तशा गुणगुणणाऱ्या किड्याला पुन्हा तोंड लावायला कचरतो, आणि त्या धाकाचा फायदा याला मिळतो. निरुपद्रवी जीवाने घातक जीवाचं रूप घेण्याचा हा प्रकार हेन्री वॉल्टर बेट्स या निसर्ग अभ्यासकाने अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून 1862 मध्ये मांडला.

उलटी गल्लत मात्र जिवावर बेतू शकते. पांडवलेणी, रामशेज, अंजनेरी अशा ठिकाणी फिरताना कातळाला किंवा उंच झाडाला लटकलेलं मोहोळ दिसलं तर तिथे फोटोसाठी रेंगाळू नका. आग्या माश्या थव्याने धावून येतात. काचपंखी एकटा फिरतो आणि पोळ्याशी त्याचा काही संबंध नसतो.

2. कुठे आणि केव्हा बघायचं

सकाळी ऊन कडक होण्याआधी आणि दुपार कलल्यानंतर दिवेलागणीपर्यंत. ढगाळ दिवशी भरदुपारीही येतो. पाऊस सुरू झाल्यापासून थंडी पडेपर्यंतचा काळ सर्वांत चांगला, कारण तेव्हा कोवळी पालवी आणि फुलं दोन्ही भरपूर असतात.

त्याला लांब, बारीक नळीची, गुच्छात येणारी फुलं आवडतात. घाणेरी, पेंटास, एक्झोरा, दुरंता. घाणेरी मुद्दाम लावू नका. ती परदेशातून येऊन आपल्या डोंगरांवर माजलेली आहे आणि नाशिकच्या आसपास मोकळ्या जागेत, कालव्याकाठी, टेकड्यांच्या पायथ्याशी नको तेवढी आहे. गंगापूर धरणाच्या वाटेवर, सोमेश्वरकडे, पांडवलेणीच्या पायथ्याशी अशा झुडपांपाशी दहा-पंधरा मिनिटं स्वस्थ उभं राहिलं तरी पुष्कळ दिसतं. घरासाठी पेंटास उत्तम. कुंडीत येतो, बारमाही फुलतो आणि गॅलरीच्या उन्हात टिकतो.

3. अनंत लावणं: नाशिकची माती आणि पाणी

पतंगाला फुलं हवीत, अळीला मात्र ठरावीक झाडाचीच पानं लागतात. कदंब-कॉफीच्या कुळातली झाडं तिला चालतात, आणि त्यांतलं घराघरात असलेलं झाड म्हणजे अनंत.

अनंताला किंचित आंबट माती लागते. आपली काळी माती चुनखडीची, आणि बऱ्याच सोसायट्यांमध्ये बोअरचं जड पाणी येतं. म्हणून नर्सरीतून आणलेला हिरवागार अनंत काही महिन्यांत पिवळा पडतो. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर ती लोहाची कमतरता आहे. अळीला अशी निस्तेज पानं नकोत, तिला कोवळी पालवी हवी. तेव्हा एवढं करा.

कुंडी किमान 12 इंचांची घ्या. नुसती काळी माती भरू नका. दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट किंवा कुजलेला पालापाचोळा, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. तळाला विटांचे तुकडे ठेवा म्हणजे पाणी साचणार नाही. जमेल तेव्हा पावसाचं पाणी साठवून तेच घाला. पिवळेपणा आलाच तर चिलेटेड लोह पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यातून मुळांना द्या.

सकाळचं ऊन आणि दुपारची सावली अशी जागा त्याला मानवते. एप्रिल-मेच्या चाळिशीच्या उन्हात पश्चिमेच्या गॅलरीत तो करपतो, तेव्हा हिरवी जाळी लावा. छाटणी फुलांचा बहर संपल्यावर हलकीच करा. छाटणीनंतर येणाऱ्या कोवळ्या धुमाऱ्यांवरच मादी अंडी घालते.

4. औषधांचं काय

नर्सरीतून आणलेल्या रोपावर बहुतेक वेळा औषध मारलेलं असतं. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम यांसारखी आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसात उतरतात, पान धुतलं तरी जात नाहीत. म्हणून नवीन रोपाची पानं निदान दोन-तीन महिने पाळलेल्या अळीला खायला देऊ नका. रोप आणल्यानंतर फुटलेली नवी पालवी येऊन पक्की होऊ द्या. घेतानाच नर्सरीवाल्या दादांना विचारा, "शेवटची फवारणी कधी केली?" बरेच जण खरं सांगतात.

घरी आणल्यावर अनंताला पिठ्या ढेकूण होणारच. त्याला पाण्याचा जोरदार फवारा आणि सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा पुरतो. राखीव फांदी मात्र नुसत्या पाण्याने धुवा.

आता निंबोळी अर्काबद्दल. सेंद्रिय आहे म्हणून लोक तो निर्धास्तपणे मारतात, पण त्यातलं अ‍ॅझाडिरॅक्टिन अळीची कात टाकण्याची क्रियाच बिघडवतं. अळी मरते, फक्त सावकाश. बीटी नावाने मिळणारं जैविक कीटकनाशक तर खास अळ्यांसाठीच बनवलेलं असतं. काचपंखी हवा असेल तर अनंतावर ही दोन्ही नकोत.

दिंडोरी, पिंपळगाव, ओझर, निफाड या पट्ट्यात ज्यांची घरं द्राक्षबागांना लागून आहेत त्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारण्यांचा सपाटा चालतो आणि ब्लोअरचं औषध वाऱ्याबरोबर अंगणापर्यंत येतं. कुंडी घराच्या आडोशाला, बागेच्या विरुद्ध बाजूला ठेवा. शेजारच्या शेतकरी काकांना फवारणीचा दिवस आदल्या दिवशी सांगायला सांगा. त्या दिवशी झाड आत घेता येतं, नाहीतर जुन्या साडीने झाकता येतं. शेतकऱ्याशी वाद घालून काही साधत नाही. त्याचं वर्षाचं उत्पन्न त्या घडांवर टांगलेलं असतं.

5. अंडं आणि अळी शोधणं

मादी कोवळ्या पानावर एकेक अंडं घालते. हिरवट-पिवळं, गोल, जेमतेम मिलिमीटरभराचं. उबदार दिवसांत तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर येते.

लहान अळी शोधणं जिकिरीचं काम आहे. मोठी शोधायची असेल तर वर न बघता खाली बघा, कुंडीच्या मातीवर किंवा फरशीवर. काळपट-हिरव्या, उभ्या खाचा असलेल्या जाडसर लेंड्या पडलेल्या दिसल्या की त्यांच्या बरोबर वरच्या फांदीवर पानांच्या खालच्या बाजूला नजर फिरवा. अळी पानाच्या रंगात इतकी मिसळलेली असते की ती डोळ्यांसमोर असूनही पटकन दिसत नाही. पान कडेने खात मधल्या शिरेपर्यंत संपवलेलं असेल तर ती जवळपासच आहे.

पूर्ण वाढलेली अळी सहा सेंटिमीटरच्या आसपास असते. रंग बहुधा हिरवा, अंगाच्या दोन्ही बाजूंना डोक्यापासून मागपर्यंत फिकट रेघ, आणि शेवटाला वाकडं शिंग. काही अळ्या काळपटही निघतात. शिंगाला लोक फार घाबरतात, पण ते मऊ असतं, टोचत नाही आणि त्यात विषही नसतं. अंगावर केस नसल्याने खाजही येत नाही. शेवग्यावर किंवा भिंतीवर दिसणाऱ्या केसाळ सुरवंटाला मात्र हात लावू नका, ते प्रकरण वेगळं.

तगर, कण्हेर किंवा सदाफुलीवर शिंगवाली हिरवी अळी दिसली आणि तिच्या डोक्यामागे निळे-पांढरे डोळ्यांसारखे ठिपके असले तर ती ऑलिअँडर हॉकमॉथची. तिला अनंतावर आणून ठेवू नका. तिला तिचंच झाड लागतं.

6. घरात सांभाळायची असेल तर

अळी झाडावरच राहू देणं केव्हाही चांगलं. पण गॅलरीत बुलबुलांचा राबता असेल किंवा मुलांना सगळा प्रवास दाखवायचा असेल तर आत आणता येते.

पारदर्शक प्लास्टिकचा मोठा डबा घ्या, उंची निदान दहा इंच. तोंडाला मलमल किंवा मच्छरदाणीचा तुकडा रबराने बांधा. एका डब्यात एकच अळी ठेवा. अळी हाताने ओढू नका, ती मागच्या पायांनी घट्ट धरून असते आणि ओढल्यास इजा होते. ती बसलेली डहाळीच कापून आत ठेवा. डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत खोचायची असेल तर बाटलीचं तोंड कापसाने पक्कं बुजवा, नाहीतर अळी पाण्यात उतरून बुडते.

रोज सकाळी लेंड्या काढा, डबा कोरड्या कापडाने पुसा, ताजी डहाळी ठेवा. पानं त्याच, औषध न मारलेल्या झाडाची. डबा उन्हात ठेवू नका, आत वाफ धरून अळी सडते. ती खाणं थांबवून एक-दोन दिवस निश्चल बसली तर कात टाकते आहे असं समजा आणि तिला हलवू नका.

साधारण तीन आठवड्यांत ती पूर्ण वाढते. मग अचानक खाणं सोडते, रंग मळकट होतो आणि डब्यात सैरावैरा फिरायला लागते. अनेकांना वाटतं, आजारी पडली. ती कोषासाठी जागा शोधत असते. तळाला तीन-चार इंच किंचित ओलसर कोकोपीट आणि वर सुका पाला घाला. ती त्यात शिरते आणि काही दिवसांत गडद तपकिरी कोष होतो. उत्सुकता कितीही वाटली तरी उकरू नका. दोन दिवसांआड वरून पाण्याचा हलका शिडकावा करा. माती हाताला ओलसर लागावी, पिळल्यावर पाणी निघू नये.

कधी अळीच्या अंगावर पांढऱ्या तांदुळदाण्यांसारखे कोष लागलेले दिसतील. ते परजीवी गांधीलमाशीचे असतात आणि ती अळी वाचत नाही. वाईट वाटतं. तरी ते कोष मारू नका, झाडावर ठेवून द्या. कोबी-टोमॅटोवरच्या अळ्यांना आवर घालणाऱ्या माश्या याच गोतावळ्यातल्या.

7. पतंग बाहेर येतो तेव्हा

उबदार हवेत साधारण दोन आठवड्यांत पतंग निघतो. त्याआधी डब्यात खरबरीत साल असलेली उभी काडी टेकवून ठेवा. कोषातून निघाल्यावर त्याला वर चढून उलटं लटकायला जागा मिळाली नाही तर पंख चुरगळलेलेच वाळतात आणि तो कधीच उडू शकत नाही.

आता जे दिसतं त्यासाठी एखादी सकाळ मोकळी ठेवावी. नुकताच निघालेला पतंग काचपंखी नसतोच. पंख आधी लहान आणि ओले, मग हळूहळू ताणले जातात, आणि त्यांवर राखाडी खवल्यांचा पातळ थर असतो. इतर पतंगांसारखाच हा दिसतो. पंख वाळले की तो जागेवरच थरथरायला लागतो, उडण्यासाठी छातीचे स्नायू तापवत. त्या थरथरीत खवले सुटतात आणि बारीक राखाडी धूळ डब्याच्या भिंतीवर, काडीवर, मलमलीवर उडते. पाहता पाहता पंख स्वच्छ होतात आणि त्यांच्या आरपार पलीकडची काडी दिसायला लागते. हे फार थोडक्या वेळात होतं. फोन आधीच स्लो मोशनवर लावून ठेवा आणि खाली पांढरा कागद अंथरा, म्हणजे पडलेले खवले भिंगातून मुलांना दाखवता येतील.

पंख मोकळे झाले की त्याच दिवशी पेंटासपाशी सोडून द्या. रात्री, पावसात किंवा भर दुपारच्या उन्हात नको. बोटांनी पंख धरायचे नाहीत. काडीसकट उचलून बाहेर न्या, तो आपणहून उडतो.

नोव्हेंबरनंतर कोषात गेला असेल तर घाई करू नका. नाशिकच्या थंडीत कोषाचा काळ लांबतो. कोष मेला समजून बरेच लोक होळीच्या आसपास माती ओतून देतात. एप्रिलपर्यंत डबा तसाच ठेवा, शिडकावा चालू ठेवा.

8. फोटो आणि नोंद

कॅमेरा असेल तर पंख गोठवायला शटर 1/2000 सेकंद किंवा त्याहून जलद हवा. पतंगाच्या मागे धावू नका. तो गुच्छागुच्छाने क्रमाने फिरतो आणि थोड्या वेळाने त्याच झुडपावर परत येतो, म्हणून एका गुच्छावर फोकस करून थांबा. मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढून त्यातली चौकट उचलणं सोपं पडतं.

फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर किंवा मॉथ्स ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर द्या. तारीख आणि ठिकाण तर लिहाच, पण तो कोणत्या झाडावर होता तेही लिहा. अळीची नोंद असेल तर झाडाचं नाव सर्वांत महत्त्वाचं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात राष्ट्रीय पतंग सप्ताह असतो. 2012 पासून जगभर तो पाळला जातो. शाळेत किंवा सोसायटीत एखादी सकाळ घ्यायची असेल तर तो मुहूर्त चांगला. अंजनेरीसारख्या राखीव जागेतून अळ्या किंवा कोष उचलून आणू नका. तिथे फक्त फोटो काढा.

9. जागा असेल तर गेळ लावा

अनंत मूळचा चीन-जपानकडचा. आपल्या डोंगरांत त्याच्या कुळातलं देशी झाड आहे, गेळ. आयुर्वेदातलं मदनफळ ते हेच. शेताचा बांध, फार्महाऊसचं कुंपण किंवा शाळेच्या मैदानाची कड असेल तर अनंतापेक्षा याला पसंती द्या. कोरड्या, खडकाळ मुरमात येतं, एकदा रुजलं की पाणी मागत नाही आणि काटे असल्यामुळे शेळ्या-गुरं त्याच्या फारशी वाटेला जात नाहीत. फुलं आधी पांढरी आणि सुवासिक, मग पिवळी होतात.

पिवळं पडलेलं पिकलं फळ फोडून बिया धुवून सावलीत सुकवा आणि उन्हाळा संपताना पिशवीत पेरा. रोप सव्वा-दीड फुटांचं झालं की जूनमधला पहिला चांगला पाऊस झाल्यावर दीड फुटाच्या खड्ड्यात लावा. मुलांच्या पायवाटेपासून चार-पाच फूट आत, कारण काटे टोकदार असतात. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा पाणी द्या आणि बुंध्याशी पाल्याचा जाड थर राहू द्या. तो पाला झाडून पेटवू नका. अळ्या कोषासाठी त्यातच उतरतात.